गट नंबर पंधराचा फेरफार

सन्मती बिरनाळेला तिच्या वडिलांचा आजार नाही, असा निकाल अकरा सप्टेंबरला सकाळी दहा वाजून चार मिनिटांनी लागला. दहा वाजून पाच मिनिटांनी तो लागलेला नव्हता.

मधल्या मिनिटात तिनं एवढंच केलं. फोनवर ‘आपला निकाल तयार आहे’ हा संदेश बघितला, चहाचा कप खिडकीत ठेवला, ओढणीला हात पुसले आणि बोट टेकवलं. तेवढ्यात दुसरा संदेश आला : ‘आधीचा संदेश आपणांस मिळालेला नाही, असे समजावे.’

वाचकांनीही या गोष्टीचं पहिलं वाक्य वाचलेलं नाही, असं समजावं. सन्मतीला तर ते वाचायलाच मिळालं नाही आणि तिनं पुढचे अडीच महिने त्याच्याशिवाय काढले. तुम्हाला पंधरा मिनिटं जड जाऊ नयेत.

बिरनाळे म्हणजे अंगात हाड नसलेली माणसं, असा सावळंबी गावात लौकिक होता. सन्मतीचे वडील जिनपाल, म्हणजे आण्णा, उभ्या उभ्या मागं वाकून जमिनीवरची टोपी दातांनी उचलायचे. बोटं अशी लांब की कुठलाही तबलजी ती बघून हळहळायचा. त्यांनी अंगठा आत घालून मूठ वळली, तर अंगठा पलीकडच्या बाजूनं बाहेर यायचा, शेजारणीनं भिंतीवरून डोकावावं तसा. थोरल्या भावाचा, भरतेशचाही यायचा. सन्मतीचा जेमतेम काठापर्यंत पोचायचा आणि त्यावरून ती लहानपणी रडायची. “येईल गं, मोठी झालीस की येईल,” म्हणून आण्णा समजूत घालायचे.

सत्तेचाळिसाव्या वर्षी, बागेत भरतेशशी बोलता बोलता, “पाठीत कुणीतरी सुरी ओढली बघ,” एवढं म्हणून आण्णा खाली बसले आणि संपले. कागदावर हृदयविकार लागला. गावानं दृष्ट लागली असं ठरवलं. लवचिक माणसाची दृष्ट लवकर निघत नाही, असंही कुणीतरी म्हणालं.

या गोष्टीला नऊ वर्षं झाली. सन्मती आता सत्तावीस वर्षांची होती आणि सांगलीत एका क्रीडा मंडळात मुलींना दोरीचा मल्लखांब शिकवत होती. स्वतः येत्या फेब्रुवारीतल्या स्पर्धेच्या संघातही होती. संघाच्या तपासणीत तिच्या महाधमनीची, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य नळीची, रुंदी एक मिलिमीटर जास्त भरली. डॉक्टरनं विचारलं, “घरात कुणी अचानक गेलंय का?” आणि त्या दिवसापासून दोरी बंद.

“निकाल येईपर्यंत पाय जमिनीवर,” डॉ. शगुफ्ता मुजावर म्हणाल्या. मिरजेच्या एका इस्पितळात त्या आनुवंशिक आजारांचं बघायच्या. “तुमची दोरी कशाची असते?”

“सुताची. तीन पेडांची.”

“त्यातला एक पेड आतनं खराब असेल तर?”

“वरनं कळत नाही. उलट दोरी मऊ लागते. सगळ्यांना तीच आवडते.” सन्मतीनं हातानं दोरी ओढल्यासारखं केलं. “मग एक दिवस तुटते.”

“झालं,” डॉक्टर म्हणाल्या. “मी हेच चित्रं काढून सांगायला अर्धा तास घेते.”

पेशींना पेशींशी, हाडांना स्नायूंशी बांधून ठेवणारं जे काही शरीरात असतं, त्याला पुस्तकात संयोजी ऊती म्हणतात. त्यात एका प्रथिनाचे तंतू असतात. त्या तंतूंची कृती ज्या जनुकात लिहिलेली असते, त्यात एखादं अक्षर चुकलं तर सांधे सैल, बोटं लांब, आणि महाधमनीची भिंत वर्षानुवर्षं ताणत ताणत एके दिवशी फाटते. वेळेत कळलं तर औषधं असतात, शस्त्रक्रिया असते, माणूस ऐंशीपर्यंत जगतो. न कळलं तर टोपी दातांनी उचलतो आणि लोक टाळ्या वाजवतात.

जनुक वाचणं आता एका दुपारचं काम झालं होतं. सन्मतीचं वाचलं, आणि एक अक्षर वेगळं निघालं. अडचण अशी की असं अक्षर जगात आधी कुणाच्यातच सापडलेलं नव्हतं. ‘आणि’ची वेलांटी दीर्घ काढली तर मास्तरांखेरीज कुणाचं काही बिघडत नाही. ‘दिन’ची दीर्घ काढली तर दिवसाचा भिकारी होतो. सन्मतीची वेलांटी कुठली, ते सांगायला आण्णा हवे होते, आणि ते नव्हते.

“आईचं आणि भावाचं रक्त मिळालं तर लगेच ताडून बघता येईल,” डॉक्टर म्हणाल्या.

आईला विचारलं. आई म्हणाली, “भरतेशला विचारते.” भरतेश म्हणाला, “काय गरज नाही.”

“दादा, पाच मिनिटांचं काम आहे.”

“हे बघ सनू. कळलं की झालं. कळत नाही तवर होत नाही. आण्णांना कळलंवतं का? सत्तेचाळीस वर्षं टेचात जगले.”

“आणि अठ्ठेचाळिसावं?”

“ते आपल्या हातात नसतंय,” म्हणून भरतेशनं द्राक्षाचे दोन क्रेट एकदम उचलले. तेहतीस वर्षांचा, सहा फूट दोन इंच उंच माणूस. त्याच्या शर्टाच्या बाह्या कुठल्याच दुकानात पुरत नसत.

म्हणून मग गुणगुणी.

गुणगुणीचं खरं नाव ‘प्रवेगित ऊती-श्रम चाचणी’, पण ते उच्चारेपर्यंत माणूस बरा व्हायचा. दंडाच्या त्वचेचा तीळभर तुकडा घेतात. त्या पेशींना गोंजारून आधी बालपणात नेतात आणि मग धमनीच्या भिंतीची नोकरी लावतात. साबुदाण्याएवढी एक ठिगळपट्टी तयार होते. हृदय मिनिटाला साधारण बहात्तर ठोके देतं. यंत्र त्या पट्टीला सेकंदाला एकशे चव्वेचाळीस देतं, म्हणजे एकशेवीस पट घाई. तिचा एक दिवस म्हणजे तुमचे चार महिने. तीन महिन्यांत तीस वर्षं. ती तुमच्या धमनीचं म्हातारपण तुमच्याआधी जाऊन बघून येते. सेकंदाला एकशे चव्वेचाळीस वेळा हलणारी कुठलीही गोष्ट गुणगुणतेच, म्हणून नाव गुणगुणी. पट्टी फाटली की गप्प.

बारा जूनला सन्मतीची पट्टी चढली. हेल्पलाइनला फोन करायचा, ‘आपल्या नमुन्याचा आवाज ऐकण्यासाठी दोन दाबा’ आलं की दोन दाबायचं. ऊंऊंऊं, एखादा भुंगा पेटीत कोंडल्यासारखं. ती रोज सकाळी ऐकायची. जुलैच्या मध्यावर पट्टी अडतीस वर्षांची झाली. बारा ऑगस्टला सत्तेचाळीस, आण्णांच्या वयाची. त्या दिवशी सन्मतीनं तालमीच्या पायरीवर बसून अख्खी दुपार फोन कानाला लावला. मुलींना वाटलं बाईंचं जमलं कुठंतरी. संध्याकाळी पट्टी आण्णांच्या पुढं गेली, तेव्हा तिनं सगळ्यांना भडंग खायला घातलं आणि कारण सांगितलं नाही.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात ती इस्पितळात गेली. शेजारी जतचे एक काका बसलेले, बायकोचा नमुना लावलेला. त्यांनी मोठ्या अभिमानानं फोन मोठ्या आवाजात लावला. ऊंऊंऊं. तीच पट्टी, तोच सूर, मधेच होणारी तीच खरखर.

सन्मती तडक आत गेली.

“ती हेल्पलाइनची ध्वनिफीत आहे,” डॉ. मुजावर म्हणाल्या. “सगळ्यांना एकच लागते.”

“मग ती कुणाची धमनी आहे?”

डॉक्टरांनी चष्मा काढला. “धमनी नाही. यंत्राच्या पंख्याचा आवाज आहे.”

तीन महिने ती एका पंख्याच्या दीर्घायुष्यासाठी प्रार्थना करत होती. पंखा ठणठणीत होता.

आणि मग अकरा सप्टेंबर. संदेश आला, संदेश न आल्याचा संदेश आला, आणि दुपारी तिसरा आला : ‘विषय : वारसाहक्काने प्राप्त फेरफाराबाबत. आपले प्रकरण पुढील कार्यवाहीसाठी तलाठी, मौजे सावळंबी यांच्याकडे वर्ग करण्यात आले आहे.’

याच्यामागं कुणाचाही वाईट हेतू नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. रुग्णाला आपल्या आजाराचे कागद मराठीतच मिळाले पाहिजेत, असा चांगला कायदा झाला होता. त्यासाठी ‘सुलभा’ नावाची भाषांतर-यंत्रणा बसवली होती. सुलभा मराठी शिकली ती सरकारच्या शंभर वर्षांच्या कागदांवरून, आणि त्या कागदांत म्युटेशन हा शब्द लाखो वेळा येत होता. प्रत्येक वेळी त्याचा अर्थ एकच होता : सातबाऱ्यावरचा फेरफार. जनुकातही काही म्युटेशन होतं, त्याला उत्परिवर्तन म्हणतात, हे तिच्या कानावर कुणी घातलंच नव्हतं. वडिलांकडून आलेलं म्युटेशन दिसल्यावर तिनं कोणत्याही सज्जन कारकुनानं केलं असतं तेच केलं. शिवाय अर्जदाराच्या रकान्यात ‘सन्मती’ वाचून तिनं ते ‘संमती’ असं शुद्ध केलं आणि पुढं लिहिलं, ‘आहे’.

“तुम्ही नुसता उघडून बघा ना,” सन्मती डॉक्टरांना म्हणाली.

“मला आता दिसतच नाही. वादातल्या मिळकतीचे कागद डॉक्टरला दाखवत नाहीत.”

“प्रयोगशाळेला विचारा.”

“नमुन्यांवर नावं नसतात, आकडे असतात. कुठला आकडा तुमचा, ते सुलभाला माहीत. मी चार पत्रं लिहिलीत. चारही वेळा तुमच्या बांधावरची झाडं किती, असं विचारलंय.”

सावळंबीचे तलाठी ऐनापुरे भाऊसाहेब हा सरळ माणूस होता. त्यांनी सन्मतीला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, “मिळकतीचं वर्णन?”

“मिळकत नाही भाऊसाहेब, आजार आहे. असेल कदाचित.”

“‘असेल कदाचित’ म्हणजे वादातली. गट नंबर?”

ते जनुक पंधराव्या गुणसूत्रावर, एकवीस पूर्णांक एक या ठिकाणी असतं. सुलभानं लिहिलं होतं : ‘गट क्र. १५, पोटहिस्सा २१.१’. भाऊसाहेबांनी पडद्यावर गावचा नकाशा उघडला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“गट पंधरा म्हणजे गायरान. तुम्ही गायरानात काय करायलाय?”

“हा पंधरा माझ्या शरीरातला आहे.”

भाऊसाहेबांनी बराच विचार केला. “मग मोजणीला कसं जायचं?”

“जायचं नाही. तुम्ही फक्त लिहा, की चुकून आलंय.”

“चुकून आलंय असं लिहायला रकाना नाही. मंजूर किंवा नामंजूर. नामंजूर केलं तर तुमचा निकालच रद्द होईल. मंजूर करायचं तर वारस लागतात. थांबा, बघू.” ते बघत राहिले, मग त्यांचा चेहरा उजळला. “अहो, तुमचं हक्कसोड झालंय की!”

झालं होतं. आण्णा गेल्याच्या दुसऱ्या वर्षी, राखीपौर्णिमेच्या आदल्या दिवशी, भरतेशनं तिला आणि आईला गाडीत घालून निबंधकाच्या कचेरीत नेलं. बहिणी सही करतात. मैत्रिणींनी केली, मावशांनी केली, न करणाऱ्या एका आत्याला माहेरच बंद झालं होतं. सन्मती एकोणीस वर्षांची होती. तिनं आणि आईनं सही केली, येताना भावानं पैठणीच्या रंगाची एक साडी घेतली आणि तिघांनी मिसळ खाल्ली. पाच एकर बाग भरतेशच्या नावावर लागली.

भाऊसाहेब मोठ्यानं वाचू लागले. “‘...मयत वडिलांकडून मला प्राप्त झालेल्या व होणाऱ्या सर्व स्थावर, जंगम, ज्ञात, अज्ञात हक्कांचा मी राजीखुशीने त्याग करीत आहे.’ अज्ञात पण सोडलंय तुम्ही. मग तुम्हाला वडिलांकडनं काहीच आलेलं नाही.” ते हसले. “अभिनंदन.”

“मग आजार?”

“भावाच्या नावे लागेल. तो एकटाच वारस उरला ना.”

“आणि माझा निकाल?”

“तुम्ही वारस नसल्यावर तुम्हाला कशाला देतील?” हे त्यांनी इतक्या मायेनं सांगितलं, की सन्मतीला टेबल उचलून फेकायचं होतं ते राहून गेलं.

“काहीच मार्ग नाही?”

“आहे की. हक्कसोड रद्द करा. भावाची संमती लागेल. तुमची तर आहेच, इथं लिहिलंय.” त्यांनी बोटानं दाखवलं. “मग तुम्ही परत वारस. आजाराचा निकाल तुम्हाला मिळेल आणि जमिनीचा हिस्सा पण.”

“जमीन नको मला.”

“सुटी मिळत नाही. वारसा अख्खा घ्यायचा असतो, मॅडम. बाजारातली मेथी नव्हे ती, की चांगल्या काड्या ठेवायच्या आणि बाकीच्या टाकायच्या.”

भरतेश सुनावणीला धुतलेले कपडे घालून आला. सोबत आई. आईलाही नोटीस गेली होती, कारण हक्क सोडला तरी पत्नी ही मूळ वारस असते. नवऱ्याच्या जनुकात आपला वाटा आहे, हे वाचून आई एवढंच म्हणाली, “लग्नात काय काय पदरात पडलं. हे एक राहिलंवतं.”

“दादा, तू फक्त सही कर,” सन्मती म्हणाली. “निकाल मिळाला की दुसऱ्या दिवशी मी परत हक्कसोड करून देते.”

“आणि नाही दिलीस तर?”

“तुला असं वाटतं?”

“मला काय वाटतं हा विषय नाही. बाग नऊ वर्षं मी केलीय. एक एक वेल मी लावलाय. आता तू म्हणतीस, मला आजार बघायचाय, त्यासाठी अर्धी बाग दे. जमिनीसाठी भांडणाऱ्या बहिणी बघितल्यात मी. जमिनीसाठी आजार काढणारी पहिलीच.”

“मला काढायचा नाही! आहे का नाही ते बघायचंय!”

“नाहीये. भाऊसाहेब काय म्हणाले? तुला काय आलंच नाही आण्णांकडनं. घरी जा, दोरीवर चढ.”

“आणि तुझ्या नावावर लागेल त्याचं काय?”

“लागू दे की. कागदावर तर लागणार. कागदानं कुणी मेलंय का?”

आई हळूच म्हणाली, “अर्धं अर्धं केलं असतं तर...” दोघांनी एकदम “आई, गप्प,” म्हटलं. त्या दिवशी भावंडांचं एकमत झालं ते तेवढंच.

फेरफार मंजूर झाला. आठवड्याभरात सन्मतीला शिक्क्यासह दाखला आला : ‘सदर अर्जदार या वारस नसल्याने त्यांना कोणताही आनुवंशिक विकार नाही. तसेच त्यांना मयत वडिलांकडून उंची, नाक अथवा स्वभाव प्राप्त झाल्याचे आढळून येत नाही.’ तिनं आरशात पाहिलं. नाक तिथंच होतं, पूर्णपणे बेकायदेशीर.

मंडळाचे कार्यवाह कुलगुडे सर दाखला बघून खूश झाले. “मग अडलंय कुठं? विकार नाही असं स्पष्ट लिहिलंय. चढा!”

“सर, हा तलाठ्याचा दाखला आहे.”

“शिक्का आहे ना? संघाला शिक्का लागतो. तो आतड्याचा आहे का सातबाऱ्याचा, कोण बघतंय?”

दोरी समोर लोंबत होती. मुली भिंतीला टेकून बघत होत्या. पाच महिने सन्मतीनं त्यांना खालून नुसतं ओरडून शिकवलं होतं : पायाची आढी घट्ट, गुडघा आत, खाली बघू नको. तिनं दोरी अंगठा आणि बोटांच्या बेचक्यात धरली. मऊ होती. सगळ्यांना आवडेल अशी. तिनं हात वर नेला, पकड घेतली आणि तिच्या ध्यानात आलं की आपण पेड मोजतोय. एक, दोन, तीन. वरून कळत नाही.

तिनं दोरी सोडून दिली.

“काय झालं?” कुलगुडे सर म्हणाले.

“कागद चढवा सर वर,” सन्मती म्हणाली. “त्याला काही होणार नाही.”

कागदानं कुणी मरत नाही, हे भरतेशचं म्हणणं बरोबर होतं. पण ऐन डाऊनीच्या दिवसांत, ऑक्टोबर छाटणीनंतर पानांवर रोग धरायला लागला तेव्हा, त्याचा फवारणीचा ड्रोन सकाळी उडायला तयार होईना. पडद्यावर आलं : ‘सातबारा, इतर हक्क : महाधमनी विकार. चालक शारीरिकदृष्ट्या अपात्र.’ ड्रोन चालवणारा माणूस घडवंचीवर बसून नुसतं बटण दाबतो, पण नियम विमानाच्या काळातला होता.

भरतेशनं पाठीवर पंप घेऊन दोन दिवस फवारणी केली. तिसऱ्या दिवशी तो ऐनापुऱ्यांसमोर उभा राहिला.

“माझ्या सातबाऱ्यावरनं ते काढा.”

“काढू की. विकार नाही हे सिद्ध करा.”

“कसं?”

“तपासणी. तुमची आणि आईंची. हरकतदाराला सगळ्या वारसांचे नमुने जोडावे लागतात.”

जो माणूस बहिणीसाठी, आईसाठी, स्वतःच्या जिवासाठी हलला नव्हता, तो करप्यासाठी आणि डाऊनीसाठी दंड पुढं करून बसला. शेजारी आईनं डोळे मिटून णमोकार म्हणत रक्त दिलं. डॉ. मुजावरांनी पुढं सन्मतीला सांगितलं, की त्याची सोनोग्राफी करताना तो सगळा वेळ हवामानाबद्दल बोलत होता, आणि त्या एकदाही हो म्हणाल्या नाहीत.

आठ दिवसांनी, चोवीस नोव्हेंबरला, भरतेश भर दुपारी तालमीत आला. नऊ वर्षांत पहिल्यांदाच. मुली घरी गेल्या होत्या, सन्मती गाद्या उचलत होती. त्यानं तिच्या हातातली गादी घेतली, भिंतीला लावली आणि तिच्यावर बसला.

“तुझा आलाय,” तो म्हणाला.

“काय?”

“निकाल. माझ्याकडं आलाय. फेरफार माझ्या नावावर ना, म्हणून त्यातले सगळे कागद मलाच आले.” त्यानं फोन लांब धरला. “‘नमुना नव्वद दिवस अखंड राहिला. सदर इसमास विकार नाही.’ इसम म्हणजे तू.”

सन्मती उरलेल्या गादीवर बसली.

“अक्षर एक वेगळं आहे म्हणे, पण ते आण्णांचं नाही. आईकडचं आहे. आईच्या रक्तात पण सापडलं. काय करत नाही ते. नुसतं आहे.”

“आईसारखंच,” सन्मती म्हणाली. ती हसली का रडली, ते तिचं तिलाच कळलं नाही. “आणि तो एक मिलिमीटर?”

“दोरीवर लटकून लटकून. कसरतीनं होतंय तेवढं, चालतंय. अकरा सप्टेंबरपासनं पडून होता हा कागद.” त्यानं फोन खिशात घातला. “चढ की आता. अडीच महिने डोकं खाल्लंस सगळ्यांचं.”

“तुझा काय आला?”

“माझा अजून आला नाही.”

“दादा, एकाच कागदावर येतात.”

“नाही आला म्हटलं ना.”

“खाली अजून एक परिच्छेद असणार. दाखव.”

भरतेश दोरीकडं बघत राहिला. “तो आपल्याला मिळालेला नाही,” तो म्हणाला, “असं समजावं.”

तिनं त्याच्या खिशातून फोन काढून घेतला. त्यानं अडवलं नाही. परिच्छेद चार ओळींचा होता. वडिलांचा विकार : आहे. महाधमनीची रुंदी : एक्कावन्न मिलिमीटर. शस्त्रक्रिया : नऊ डिसेंबर. तोपर्यंत वजन उचलू नये, पंप घेऊ नये, रागावू नये. ड्रोन अडला तेव्हा दोन दिवस त्यानं पाठीवर पंप घेतला होता, आणि रागावलेला तर तो गेली नऊ वर्षं होता.

“डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बरं झालं आलात,” भरतेश म्हणाला. “अजून एक हंगाम काढला असता तर आण्णांचीच गत. वरची नळी बदलतात. कापडाची घालतात, विणलेली. तुझ्या दोरीसारखी.” मग म्हणाला, “त्या तुझ्या सुलभानं वाचवलं बघ.”

“वाचवलं कसलं! चुकून झालं सगळं!”

“चुकून तर चुकून. रकाना नाही त्याला.”

“दादा, मी...” ती म्हणाली. पाच महिने ज्या कागदासाठी ती दारोदार फिरली, तो आला होता, तिला हवं तेच सांगत होता, आणि तिला तो परत करायचा होता. परत करायची सोयच नव्हती.

“काय मी, मी? तू सही केलीयस.” भरतेशनं मूठ वळली. लांबुडका अंगठा पलीकडून बाहेर आला, आण्णांचा येत असे तसाच. “ज्ञात, अज्ञात, सगळं. आता वाटा मागायचा नाही.”

सन्मतीनं शेजारी आपली मूठ धरली. अंगठा आतच राहिला. लहानपणी या खेळात ती दरवेळी हरायची.

दुसऱ्या दिवशी तिनं सुलभावर अर्ज दाखल केला. तो असा :

प्रति,
मा. तलाठी साहेब, मौजे सावळंबी.

विषय : गट क्र. १५, पोटहिस्सा २१.१ मधील विकारात हिस्सा मिळणेबाबत.

महोदय,
उपरोक्त विषयान्वये अर्ज करते की, मयत जिनपाल बिरनाळे यांचा विकार माझे बंधू श्री. भरतेश यांचे एकट्याचे नावे लागला आहे. हक्कसोडपत्रावर सही करतेवेळी ‘अज्ञात’ म्हणजे काय हे मला ज्ञात नव्हते. मला बागेत हिस्सा नको. तसेच उंची, नाक व स्वभाव ही माझ्या ताब्यातील मिळकत मी विनातक्रार परत करण्यास तयार आहे.

बंधू यांची महाधमनी एक्कावन्न मिलिमीटर असून ती एका माणसास जास्त होते. तरी मे. साहेबांनी सदर विकार दोन्ही भावंडांचे नावे सामाईक लावून त्यातील निम्मा हिस्सा दिनांक ९ डिसेंबरपूर्वी माझे ताब्यात देण्याची कृपा करावी, ही विनंती.

अर्जदाराची संमती : आहे.